खरा फोटो वाचायचा कसा

माध्यमांवर बोलायला कुठल्याही कॉलेजात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, फोटो फेक आहे हे कसं ओळखायचं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दहा मिनिटांत देता येतं. पुढे देतेच. पण मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बरीच वर्षं पानं लावली, आणि त्या काळात माझ्या टेबलावर आलेले बहुतेक फोटो अस्सल होते. माणसं खरी, गाव खरं, तारीख खरी. तरी पानावर चढल्यावर त्यातल्या कित्येकांनी वाचकाला भलतीकडेच नेलं. खोटा फोटो पकडला की आपल्याला हुशार वाटतं. खऱ्या फोटोने आपल्या डोक्यात काय बसवलं हे कळायला मात्र जास्त कष्ट पडतात. हा लेख त्या कष्टांचा आहे.

पान लावताना काय होतं ते आधी सांगते. संध्याकाळी छायाचित्रकार एका मोर्च्याचे साठ-सत्तर फोटो सर्व्हरवर टाकतो. बातमी तीन कॉलम, फोटो एक. तो निवडायला उपसंपादकाच्या हातात जेमतेम मिनिटभर असतं, कारण पान वेळेत सोडायचं असतं. उरलेले सगळे तिथेच पडून राहतात आणि कधीतरी डिस्क भरली म्हणून उडवले जातात. वाचकाला दिसतो तो एकच. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावते: समोरचा फोटो बघताना तो ज्या फोल्डरमधून आला तो फोल्डर मनात उघडायचा. त्याच प्रसंगाचे आणखी कोणते फोटो निघू शकले असते? ते का नाही लागले? खाली ज्या युक्त्या सांगते आहे त्या सगळ्या याच कामाच्या आहेत.

आधी विशेषणं बंद

सुरुवात सोप्या फोटोने करा. बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा अंक घ्या. मथळा "यंदाही मुलींचीच बाजी", आणि खाली हवेत उड्या मारणाऱ्या मुली. आता वहीत फक्त जे दिसतं तेवढंच लिहा. "आनंदी", "हुशार", "जल्लोष" यातलं काही चालणार नाही. मुली किती? कपडे कोणते? हातात काय? मागे काय? पाच मिनिटं तरी लिहीत राहा. दोन मिनिटांत संपलं असं वाटतं, आणि नेमकं त्याच्या पुढे दिसायला लागतं.

यादी साधारण अशी होते: सहा मुली, सगळ्यांचे पाय जमिनीपासून वर, चौघी जीन्समध्ये, एकीच्या हातात मोबाईल आणि त्याचा स्क्रीन कॅमेऱ्याकडे, मागे कॉलेजची नुकती रंगवलेली इमारत, कोपऱ्यात पेढ्यांचा बॉक्स. स्क्रीन कॅमेऱ्याकडे कसा? निकाल बघणारी मुलगी मोबाईल स्वतःकडे धरते. म्हणजे कोणीतरी म्हणालं, "जरा इकडे दाखव गं." उडीसुद्धा एक-दोन-तीन म्हणून मारलेली. यात फसवणूक काही नाही, मुली खरंच पास झाल्यात. पण फोटो मांडून काढलाय, एवढं त्या यादीने कळलं.

आता फोल्डर उघडा. निकाल दुपारी ऑनलाइन लागतो. त्या वेळी मुलं एका जागी सापडतील अशी शहरात दोन-तीनच कॉलेजं, आणि छायाचित्रकार जातो ते ऑफिसच्या जवळचं. वेब आवृत्तीवाल्यांना फोटो तासाभरात हवा असतो. तांड्यावरची मुलगी शेजारच्याच्या फोनवर निकाल बघते, रात्रशाळेतला पोरगा कामावर असताना बघतो. तिकडे कोणी फिरकत नाही. वर्षानुवर्षं तेच अंगण, तशाच मुली. मग "यशस्वी विद्यार्थिनी" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक घरातली, ठरावीक पेहरावातली मुलगीच येते. मला भेटणारी तरुण मंडळी लगेच "अजेंडा" म्हणतात. असतोही कधी कधी. पण मी जे जवळून पाहिलं त्यात बहुतेक वेळा कारण असायचं पेट्रोल, डेडलाइन आणि "मागच्या वर्षी काय लावलं होतं रे?" हा प्रश्न. कारस्थान उघडकीला तरी आणता येतं, आळसाचं काय करणार?

फोटोओळीतली नावं मोजा

फोटोखालची ओळ, म्हणजे फोटोओळ, लोक सहसा वाचत नाहीत. मला फोटोपेक्षा तीच जास्त बोलकी वाटते. एकाच पानावरच्या दोन फोटोओळी शेजारी ठेवा. प्रकाशन समारंभ: "छायाचित्रात डावीकडून…" आणि पुढे सात नावं, पदांसकट. खाली टंचाईचा फोटो: "हंडाभर पाण्यासाठी महिलांची वणवण." त्या महिलांची नावं छायाचित्रकाराने विचारली नाहीत, वार्ताहराने विचारली नाहीत, उपसंपादकाने मागितली नाहीत. समारंभातली माणसं तिथे स्वतः असतात. हंडा घेतलेली बाई मात्र टंचाईचं उदाहरण म्हणून उभी केलेली असते, तिच्या जागी दुसरी कोणीही चालली असती.

एक महिना रोजच्या अंकातून नोंद ठेवा. कोणाला नाव मिळालं, कोणाला नुसतं "महिला", "ग्रामस्थ", "चिमुकला", "मजूर", "आजी". वहीचं पान मधोमध दुमडलं की रकाने झाले. नाव न देणं योग्यच असतं अशा जागाही आहेत: लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. त्या वगळा. उरलेलं बघा.

त्याच ओळीत कधी कंसात "संग्रहित" असतं, कधी "प्रातिनिधिक". संग्रहित म्हणजे जुना फोटो, आजचा नव्हे. प्रातिनिधिक म्हणजे या बातमीशी संबंध नसलेलाच कोणीतरी. दुसऱ्या प्रकारापाशी थांबा, कारण तिथे पान लावणाऱ्याच्या डोक्यातला साचा उघडा पडतो. इंटरनेटवर "शेतकरी" टाकून चित्रं शोधा. धोतर, फेटा, भेगाळलेली जमीन, कपाळावर हात, नजर आभाळाकडे. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीखात्यांपैकी, म्हणजे कसणाऱ्याच्या नावाने मोजलेल्या शेतांपैकी, जवळपास १४ टक्के खाती महिलांची होती. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या बायका याखेरीज. चित्रांत त्या येतात, पण ओणव्या, ओळीत, पाठमोऱ्या, आणि खाली "भातलावणीत मग्न महिला". शेतकरी हा शब्द त्यांच्या वाट्याला येत नाही. आत्महत्येची बातमी असो की अनुदानाची, प्रातिनिधिक म्हणून फेटेवालाच चिकटतो, कारण फोल्डरमध्ये सगळ्यात वर तोच असतो.

चित्राशेजारी आकडा ठेवून बघा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. गाडीचं नाव "जलदूत". मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. त्या गाडीचा फोटो देशभर छापून आला: टाकीच्या वॅगनांची रांग, रुळांच्या बाजूने थोडं खालून घेतलेली, त्यामुळे आहे त्याहून लांब वाटणारी.

आता आकडा. पहिल्या खेपेला दहा वॅगन होत्या, पाणी साधारण पाच लाख लिटर. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. भागाकार करा: माणशी सव्वा लिटरच्या आसपास. तांब्याभर. पुढे पन्नास वॅगनांची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. तरी माणशी साडेसहा लिटर. ज्यांच्या घरी ते पाणी पोहोचलं त्यांना त्याची किंमत विचारा, मी ते कमी लेखत नाही. पण तो फोटो बघून मुंबई-पुण्यातल्या वाचकाला वाटलं की लातूरची सोय झाली. फोटो खरा, गाडी खरी, पाणी खरं, आणि समज चुकीचा.

फोल्डरमध्ये काय होतं? गल्लीत टँकरची वाट बघत लावलेल्या घागरींची रांग. खाजगी बोअरवाल्याच्या दारातला पाइप. तहानलेल्या त्याच लातूर जिल्ह्यात उभा असलेला ऊस. वॅगन आधी राजस्थानात कोट्याला नेऊन वाफेने धुऊन घेतल्या होत्या, तो फोटो तर कोणी बघितलासुद्धा नसेल. मग गाडीच का? गाडी निघते आणि पोहोचते. तिला तारीख आहे, प्लॅटफॉर्म आहे, प्लॅटफॉर्मवर उभं राहायला माणसं आहेत. उसाला पाणी वर्षानुवर्षं जातं, पण अमुक मंगळवारी गेलं अशी त्याची बातमी होत नाही. कॅमेऱ्याला घटना सापडते, परिस्थिती निसटते. म्हणून दुष्काळ, महागाई, प्रदूषण, बेकारी अशा विषयांवरचा फोटो समोर आला की एवढंच विचारा: हे एका दिवसाचं आहे की दहा वर्षांचं? आणि एक आकडा शोधून शेजारी लिहा. कुठलाही, पण खात्रीचा.

कॅमेरा कुठे उभा होता

हे शोधायला एक भूमितीची युक्ती आहे. सपाट जमिनीवरचा फोटो असेल तर क्षितिजाची रेषा माणसाच्या अंगावरून जिथून जाते, तेवढ्याच उंचीवर कॅमेरा होता. रेषा डोळ्यांवरून गेली तर छायाचित्रकार उभा होता. कमरेवरून गेली तर तो खाली बसला होता. डोक्याच्याही वर गेली तर तो गच्चीवर, पुलावर किंवा ट्रकवर होता. क्षितिज दिसत नसेल तर रस्त्याच्या कडा, इमारतींच्या खिडक्यांच्या रांगा मागे वाढवत न्या, त्या जिथे मिळतात तिथे ते असतं. पट्टी घेऊन करा, मजा येते. सभेतला नेता खालून, पूरग्रस्त मूल वरून, हे जवळजवळ नियमाने सापडेल.

मार्च २०१८चा किसान लाँग मार्च आठवा. अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यात बहुसंख्य आदिवासी, साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. त्या आठवड्यात दोन तऱ्हेचे फोटो सगळीकडे फिरले.

एक उंचावरून घेतलेला. रस्ताभर लाल टोप्या आणि झेंडे, माणूस एकही ओळखू येत नाही, पण संख्या अंगावर येते. सरकारला धडकी भरवणारा फोटो हाच. दुसरा पायांचा: फोड आलेले, सोललेले तळवे, तुटकी चप्पल किंवा तीही नाही. कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर, चौकटीत चेहरा नाही. हा फोटो मुंबईकरांच्या काळजाला लागला. लोक रस्त्यावर पाणी घेऊन आले, खाणं घेऊन आले, चपला घेऊन आले. चांगलंच झालं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण मागणी चपलांची नव्हती. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यातली मोठी मागणी होती. पायाच्या फोटोत ती कुठे दिसणार?

तिसऱ्या तऱ्हेचा फोटो मला हवा असतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, समोर सुरगाणा-पेठकडची एखादी बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले दाव्याचे कागद, आणि फोटोओळीत तिचं नाव, गाव, किती वर्षं जमीन कसते आहे. असे फोटो निघालेही असतील. फिरले मात्र पाय, कारण पायांना भाषा लागत नाही आणि बघणाऱ्याला वनहक्क कायदा माहीत असावा लागत नाही. वेदनेचा फोटो बघितला की हे दोन प्रश्न विचारत जा: या माणसाला काय हवंय ते मला चित्रातून कळलं का, आणि बघून मला काय करावंसं वाटलं? दोन उत्तरं जुळत नसतील तर फोटोने अर्धंच सांगितलंय.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे

जुन्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापा. ते फोटोवर सरकवून हवी तशी चौकट करता येते, आणि क्रॉप केल्यावर अर्थ कसा बदलतो ते हाताने कळतं. गर्दीच्या फोटोतून दोनच चेहरे ठेवा. सभा भरगच्च आहे की रिकामी, सांगता येणार नाही. मग उलट विचार करा: छापलेल्या फोटोच्या कडेला अर्धा हात, अर्धी खुर्ची, कोणाच्या खांद्यावरचा उपरा पंजा दिसतो का? तिथे कोणीतरी कापलं गेलंय. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठासाठी आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवायला गिझाचे पिरॅमिड संगणकावर चक्क एकमेकांजवळ सरकवले होते, आणि त्यावरून मोठा वाद झाला. साधी कात्री लावली की असा वाद होत नाही, कारण कात्री ही संपादनाची मामुली गोष्ट समजतात. मला ती तेवढी मामुली वाटत नाही.

चौकातला फ्लेक्स

वर्तमानपत्र घेत नसाल तर तुमच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स चालेल. किंबहुना महाराष्ट्रात प्रतिमा वाचायला शिकायची तर यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक नाही. सगळ्यात वर महापुरुषांची ओळ: कोण आहे, कोणाच्या शेजारी आहे, आणि कोण नाही? ही ओळ बघून भाऊंना कोणत्या समाजाची मतं हवीत ते सांगता येतं. निवडणूक जवळ आली की तिच्यात एखादी भर पडते, ती तारीख टिपून ठेवा. त्याखाली राज्याचे नेते, टपाल तिकिटाएवढे. कोणाचं तिकीट गेल्या वर्षीपेक्षा लहान झालं? मग मधोमध भाऊ, गुडघ्यापर्यंत किंवा पूर्ण उभे, चालत येताना, गॉगल. खाली "शुभेच्छुक" पोरांचे गोल-गोल फोटो, वर्गणीच्या हिशेबाने.

आता जवळ जाऊन भाऊंच्या मानेपाशी बघा. चेहरा उजळ केलेला असतो, मान तशीच राहते. कॉलरच्या वर एक रेघ स्पष्ट दिसते. डिझायनर पोराला चेहरा गोरा करायला सांगितलेलं असतं, किंवा सांगावंही लागत नाही. आणि बाया किती आहेत ते मोजा. महिलांसाठी राखीव वॉर्ड असेल तर उमेदवार बाईचा फोटो पदर घेतलेला, हात जोडलेला, आणि शेजारी पतिराज तेवढेच किंवा मोठे. सत्ता कोणाकडे राहणार ते त्या दोन फोटोंच्या आकारात लिहिलेलं असतं.

रंग कोण ठरवतं

गोऱ्या रंगाची गोष्ट जाहिरातीपासून सुरू होत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या देवदेवतांच्या शिळाछापांनी साडी नेसलेली, उजळ कांतीची लक्ष्मी घराघरात पोहोचवली. कॅलेंडरवरच्या देवी अजून त्याच वळणाच्या. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली तेव्हा जमीन तयार होती. २०२० मध्ये तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. दुकानात जाऊन नव्या वेष्टनावरचा चेहरा बघा आणि विचारा: नाव बदललं, चेहरा किती बदलला?

उजेडाने माणसाचं काय करता येतं याचं मी नेहमी दाखवते ते उदाहरण अमेरिकेतलं आहे. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. टाइम आणि न्यूजवीक दोघांनीही मुखपृष्ठावर पोलिसांनी काढलेला एकच फोटो छापला. न्यूजवीकने जवळपास होता तसा. टाइमने तो गडद केला, कडा काळवंडल्या, आणि कृष्णवर्णीय आरोपी आणखी काळा झाला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी-शेजारी लागले म्हणून ते लोकांच्या लक्षात आलं. एकच फोटो दोन ठिकाणी दिसला की सोडू नका, शेजारी ठेवा. आपल्याकडेही एकाच माणसाचा फोटो पुरवणीत सत्काराला कसा लागतो आणि गुन्हेवृत्तात कसा लागतो ते ताडून बघा.

जाहिरातीबद्दल आक्षेप असेल तर भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे आस्कीकडे, सामान्य ग्राहकही ऑनलाइन तक्रार करू शकतो. सावळी माणसं नाकारली गेलेली, दुःखी, मागे पडलेली दाखवू नयेत अशी त्यांची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ पासून आहेत, आणि स्त्री-पुरुषांच्या ठोकळेबाज चित्रणाबद्दलची २०२२ पासून. तक्रारीत "भावना दुखावल्या" लिहू नका. कोणत्या सेकंदाला काय दिसतं आणि ते कोणत्या तत्त्वात बसत नाही, ते लिहा.

मालिका बघा, आवाज बंद करून

हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे हवालदार आणि मराठी बाई म्हणजे काष्टा घातलेली मोलकरीण, यावर आपण चांगले चिडतो. चिडायलाच हवं. मग तोच चष्मा आपल्या मालिकांना लावा. मालवणी किंवा वऱ्हाडी कोण बोलतं? बहुधा घरगडी, किंवा हसवायला ठेवलेला मामा. प्रमाण भाषेत कोण रडतं? नायिका.

एका भागाचा आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त नोंदी घ्या: बसलेलं कोण, उभं कोण, ताटं कोणाच्या हातात, दार उघडायला कोण जातं. खलनायिका ओळखायला आवाज लागत नाही. केस मोकळे किंवा कापलेले, बाह्या नाहीत, लिपस्टिक गडद. सोशिक सून झोपेतही काठाच्या साडीत. नंतर मनात अदलाबदल करून बघा: सासऱ्याच्या जागी सासू, नोकराच्या जागी नायकाचा भाऊ. प्रसंग विनोदी वाटायला लागला की समजा, तिथे एक नियम होता आणि आपण तो न विचारता मान्य केला होता. ही अदलाबदल जाहिरातीला, राजकीय व्यंगचित्राला, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नवरा-बायको विनोदांनाही तशीच चालते.

आणि ती दहा मिनिटं

फेकचं आता उरकते. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधून देणाऱ्या गुगल लेन्स किंवा टिनआयमध्ये तो टाका आणि सगळ्यात जुनी तारीख शोधा. बातमीच्या तारखेच्या आधीची मिळाली तर काम झालं. पाट्यांची लिपी, गाड्यांचे नंबर, सावल्या, माणसांचे कपडे आणि हवामान जुळतंय का बघा. भलत्या ठिकाणचा खरा फोटो ही सर्वांत जुनी आणि अजूनही सर्रास चालणारी तऱ्हा आहे, आणि ती फक्त फॉरवर्ड करणाऱ्या काकांची नाही: केंद्रीय गृहमंत्रालयाच्या वार्षिक अहवालात भारतीय सीमेवरचे दिवे म्हणून स्पेन-मोरोक्को सीमेवरचा फोटो छापला गेला होता, हे २०१७ मध्ये उघड झालं.

एआयच्या चित्रांत बोटं मोजायचा सल्ला आता फारसा उपयोगाचा नाही, यंत्रं बोटं नीट काढायला शिकलीत. तिथे वेगळं बघा. मे २०२४ मध्ये "ऑल आइज ऑन राफा" (सगळ्यांची नजर गाझातल्या राफा शहराकडे) हे एआयने केलेलं चित्र इन्स्टाग्रामवर चार कोटींहून जास्त वेळा शेअर झालं. तंबूंच्या शिस्तशीर रांगा, त्यातूनच जुळवलेली इंग्रजी अक्षरं, मागे डोंगर. ते खोटं आहे हे सांगायलाही नको, ते तर उघडच रचलेलं होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. गाझात जीव धोक्यात घालून काढलेले खरे फोटो उपलब्ध होते. त्यांच्यात रक्त होतं, मुलं होती, बघवत नव्हते. या चित्रात माणूसच नाही, म्हणून ते कोणालाही स्टेटसला ठेवता आलं. एआयच्या चित्राला कुठलं फोल्डरच नसतं. त्याने कोणते फोटो बाजूला सारले ते बघा.

पत्र लिहा

एवढं सगळं वहीत ठेवून उपयोग नाही. संपादकांना लिहा. मी आतून सांगते, वाचकांची पत्रं पान लावणाऱ्यापर्यंत पोहोचतात, फक्त ती लांब आणि रागावलेली नसावीत. तारीख, पान क्रमांक, फोटो कोणता. मग एक वाक्य, काय दिसतं. एक वाक्य, काय राहिलं. आणि एक मागणी, जी उद्यापासून करता येईल. उदाहरणार्थ: "पान तीनवरच्या टंचाईच्या फोटोतल्या चारही महिलांची नावं दिलेली नाहीत. त्याच पानावर सत्काराच्या फोटोत नऊ नावं आहेत. यापुढे परवानगी घेऊन टंचाईच्या फोटोतही नाव आणि गाव द्यावं." एका गावातून अशी पाच पत्रं गेली तर डेस्कवर त्याची चर्चा होते. गुढीपाडव्यालाही लिहून बघा. नऊवारी, नथ आणि बुलेट असा फोटो पहिल्या पानावर आला की विचारा, शोभायात्रेत लेझीम खेळणाऱ्या नगरपालिका शाळेच्या मुली होत्या, त्यांचा काढला होता का? काढलेला असतोच. मागितला की कधी कधी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर लागतो.